मॉरिशस : प्रवाळाच्या कुंपणातील बेट

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटर अंतरावर, मकरवृत्ताच्या थोडे उत्तरेस मॉरिशस हे बेट वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील एखाद्या विस्तीर्ण तालुक्याहून ते फारसे अधिक नाही. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि २०२४ साली या बेटाला भेट देणाऱ्या पर्यटकांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. म्हणजे घरच्या माणसांपेक्षा वर्षाकाठी पाहुणेच अधिक. एवढे पाहुणे येऊनही आपले घर आपलेच कसे ठेवावे, हा प्रश्न या छोट्या राष्ट्राला सतत सोडवावा लागतो. हे बेट पाहण्यास जाणाऱ्याने तो प्रश्न ध्यानात ठेवला, तर त्याचे पाहणे अधिक डोळस होते.

मॉरिशस ज्वालामुखीतून जन्मले. बेटाच्या मध्यभागी पठार आहे आणि त्याच्या कडेने जुन्या, झिजलेल्या ज्वालामुखीचे अवशेष असलेले डोंगर उभे आहेत. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांहून ठेंगणेच. पण समुद्रातून एकदम वर आल्यामुळे हे डोंगर आहेत त्याहून उंच भासतात. क्यूरपीप गावातील ‘त्रू ओ सेर्फ’ या निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावरून मध्यपठाराचा मोठा भाग दृष्टीस पडतो, आणि त्यासाठी डोंगर चढण्याचेही श्रम पडत नाहीत.

प्रवाळभित्तीचे कार्य

बेटाचे खरे वैभव मात्र पाण्याखाली आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळभित्तीचे कडे बहुतेक सर्व बाजूंनी बेटाला वेढून राहिले आहे. प्रवाळ हे सूक्ष्म सागरी जीव. त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांवर सांगाडे रचले जाऊन हजारो वर्षांत ही भिंत उभी राहते. महासागराची लाट या भिंतीवर आदळून फुटते आणि आतील उथळ पाणी तळ्यासारखे शांत राहते. किनाऱ्यावरील पांढरी वाळूही मुख्यतः प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचीच असते. प्रवाळ जगला तर वाळू निर्माण होते आणि भिंत टिकली तर ती वाळू जागेवर राहते. ज्या निळ्या, निवांत पाण्याची छायाचित्रे पाहून जगभरचे लोक येथे येतात, ते पाणी या जिवांच्या श्रमाचे फळ आहे.

भित्ती नसती तर काय झाले असते, हे पाहण्यासाठी दक्षिणेकडील ‘ग्री-ग्री’ या ठिकाणी जावे. तेथे प्रवाळभित्ती खंडित झाली आहे आणि महासागर थेट काळ्या कड्यांवर आदळतो. वारा, तुषार आणि लाटांचा गडगडाट यांमुळे तेथे उभे राहणेही काही वेळा कठीण जाते. पोहण्याच्या दृष्टीने हे स्थान धोक्याचे आहे. पाहण्यासाठी मात्र ते अवश्य निवडावे.

शांत पाण्यात पोहणे, शिडाची होडी चालविणे, काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ पाहणे हे येथील नित्याचे कार्यक्रम आहेत. आग्नेय किनाऱ्यावरील ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तोंडावर काचेचा मुखवटा आणि श्वासनळी लावून तरंगत पाण्याखाली पाहण्याची कला तासाभरात साधते. ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी नावेतून पाहावे. दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. प्रवाळावर पाय देऊ नये, कारण हाताच्या बोटाएवढी वाढ होण्यास त्याला काही वर्षे लागतात. शिंपले व प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलून आणू नयेत. पश्चिम किनाऱ्यावर तामारँ येथे पहाटे डॉल्फिनचे कळप पाहण्याची सोय आहे. तेथे नावा किती अंतरावर राहाव्यात याचे नियम आहेत. विश्रांतीसाठी उथळ पाण्यात आलेल्या कळपाला नावांनी घेरण्याचा आग्रह धरणारा पर्यटक आपला आनंद मिळवतो खरा, पण डॉल्फिनची झोप मोडतो.

इमारतींच्या बांधकामासाठी पूर्वी या उथळ पाण्यातील प्रवाळी वाळू मोठ्या प्रमाणावर उपसली जात असे. किनारे खचू लागल्यावर २००१ साली या उपशावर बंदी घालण्यात आली. बांधकामासाठी त्याऐवजी ज्वालामुखीच्या खडकाचा भुगा वापरात आला. खाडीतील रेतीउपशाचे परिणाम प्रत्यक्ष पाहिलेल्या कोकणातील ग्रामपंचायत सदस्यांना या निर्णयामागील कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

किनारा कोणाचा?

मॉरिशसच्या कायद्यात ‘पा जेओमेत्रिक’ नावाची एक जुनी फ्रेंचकालीन संकल्पना आहे. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून आत किमान ८१ मीटर २१ सेंटिमीटर रुंदीची जमिनीची पट्टी ही शासनाची मालमत्ता असते. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. मूळ हेतू लष्करी होता : किनाऱ्यावर तोफा आणि पहारे ठेवण्यास जागा मोकळी असावी. पुढे तोफा गेल्या आणि हॉटेले आली. आज अनेक आलिशान निवासस्थाने याच पट्टीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत. भरतीच्या रेषेखालील वाळू मात्र सर्वांची आहे. तेथून चालण्यास, तेथे पोहण्यास हॉटेलचा पाहुणा असण्याची गरज नाही.

कागदावरचा हा अधिकार व्यवहारात तितका सोपा राहिलेला नाही. हॉटेलांच्या रांगा वाढल्या तसे गावातून समुद्राकडे जाणारे रस्ते कमी झाले, ही स्थानिक नागरिकांची तक्रार आहे आणि सार्वजनिक किनारे राखण्यासाठी तेथे चळवळीही झाल्या आहेत. शासनाने अधिसूचित केलेले सार्वजनिक किनारे आजही बरेच आहेत. रविवारी तेथे सुरूच्या झाडांखाली कुटुंबेच्या कुटुंबे पातेली, चटया आणि ढोलकी घेऊन येतात. दिवसभर रांधणे, खाणे, गाणे, समुद्रात डुंबणे चालते. हॉटेलच्या आवारातच आठवडा घालविणाऱ्या पर्यटकाला हे मॉरिशस कधी दिसतच नाही. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा मों श्वाझी येथील सार्वजनिक किनाऱ्यावर एक रविवार काढावा. बेटाची खरी ओळख तेथे होते.

तेथेच ‘सेगा’ ऐकावयास मिळते. आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे गीतनृत्य. कातडी ताणून बसविलेले, विस्तवावर शेकून तापविलेले ‘रावान’ हे डफासारखे वाद्य त्याचा ताल धरते. युनेस्कोने २०१४ साली पारंपरिक सेगाचा आणि २०१६ साली भोजपुरी ‘गीत गवाई’चा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. हॉटेलातील रात्रीच्या कार्यक्रमात दाखविले जाणारे सेगा रंगीत असते, पण त्यात मुळातील वेदना बरीच गाळलेली असते.

सोळा पायऱ्या

राजधानी पोर्ट लुईच्या बंदरालगत दगडी बांधकामाचे काही अवशेष जतन केले आहेत. त्यांचे नाव ‘आप्रवासी घाट’. बेटावर दुसरे काहीही पाहिले नाही तरी चालेल, पण हे स्थळ भारतीय पर्यटकाने चुकवू नये.

डच १५९८ साली येथे आले. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचे नाव बेटाला दिले, आणि १७१० साली ते निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला आणि गुलामांच्या श्रमावर वसाहत उभी केली. १८१० साली बेट इंग्रजांकडे गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी येथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. परंतु उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. त्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर आणण्याची योजना आखली गेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर येथे उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक या बंदरात आले. त्यांतील बहुसंख्य भारतीय होते : बिहार व पूर्वेकडील प्रदेशांतून कलकत्तामार्गे, तामिळ व तेलुगू भाषक मद्रासमार्गे आणि मराठी भाषक मुंबईमार्गे.

घाटाच्या सोळा पायऱ्या चढून हे लोक वर येत. तेथे त्यांची नावे, वडिलांची नावे, वय, गाव, शरीरावरील खुणा यांची नोंद होई आणि मग मळ्यांवर वाटणी. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये वेतन आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची पद्धत होती. आजारीपणही काही वेळा गैरहजेरीत धरले जाई. युनेस्कोने २००६ साली या घाटाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. नैर्ऋत्येकडील ‘ल मॉर्न’ हा ५५६ मीटर उंचीचा सुळका २००८ साली त्याच यादीत आला. मळ्यांतून पळालेले गुलाम या सुळक्याच्या कपारींत आश्रय घेत. गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडण्यासच ते आले असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथे परंपरेने सांगितली जाते. माथ्याच्या बाजूने चढण्याची वाट आहे. ती पहाटे, वाटाड्या घेऊन चढावी.

मुंबईमार्गे आलेल्या मराठी मजुरांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील लोक पुष्कळ होते. संख्येने हा समाज लहान. तो मुख्यतः ब्लॅक रिव्हर आणि वाक्वा या भागांत स्थिरावला. नोंदवहीत पूर्वजाचे जे नाव लिहिले गेले तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, त्यामुळे अनेक कुटुंबांची मूळ आडनावे हरवली आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या व मजुरांची छायाचित्रे जतन केली आहेत. पणजोबांच्या गावाचे नाव शोधण्यासाठी लोक तेथे येतात. इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले ते गाव आज रत्नागिरी जिल्ह्यात नेमके कोणते, हे ठरविणे मात्र नेहमीच जमते असे नाही. येथील एखाद्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने जुनी दप्तरे पाहून अशा शोधास हातभार लावला, तर ते काम मोलाचे ठरेल.

मॉरिशसच्या मराठी घरांत आज दैनंदिन बोलणे क्रिओल भाषेत चालते. मराठी उरली आहे ती अभंगांत, आरत्यांत, लग्नविधीत, कोकणातील जाखडीशी नाते सांगणाऱ्या ‘झाकरी’ नृत्यात आणि शाळेच्या वर्गात. प्राथमिक शाळांतून पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकण्याची सोय शासनाने ठेवली आहे. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी असते आणि मूर्तींचे विसर्जन नदीत वा समुद्रात होते. कास्काव्हेल येथील महाराष्ट्र भवनाच्या परिसरात २०२३ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. गणेशोत्सवात जाणाऱ्या मराठी पर्यटकाचे तेथे अगत्याने स्वागत होते. आपल्याकडून गेलेल्याने त्यांचे उच्चार सुधारण्याच्या भरीस पडू नये, हे मात्र बरे. पावणेदोनशे वर्षे परक्या भूमीवर जपलेल्या भाषेला थोडा वेगळा सूर येणारच.

महाशिवरात्रीस बेटाचे रूप पालटते. मध्यभागीच्या डोंगरांत ज्वालामुखीच्या मुखात साचलेले एक तळे आहे. १९७२ साली भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले आणि ‘गंगा तलाव’ हे त्याचे नाव रूढ झाले. गावोगावचे भाविक कावडी खांद्यावर घेऊन पायी तेथे येतात. त्या दिवसांत सर्व धर्मांचे लोक वाटेवर पाणी व खाणे वाटतात.

बागा, अरण्ये आणि नाहीसा झालेला पक्षी

उत्तरेस पाम्प्लमूस येथे जगप्रसिद्ध वनस्पतिउद्यान आहे. फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याने १७७० च्या सुमारास डचांच्या मक्तेदारीस शह देऊन लवंग व जायफळाची रोपे येथे आणविली. तळ्यातील परातीएवढ्या काठाच्या पानांची राक्षसी कमळे आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारे तालिपॉट ताड हे तेथील आकर्षण. जवळच बो प्लाँ येथे बंद पडलेल्या साखर कारखान्याचे संग्रहालय केले आहे. साखर कारखानदारीशी संबंधित असलेल्या महाराष्ट्रातील मंडळींनी तेथे अर्धा दिवस राखून ठेवावा. यंत्रांबरोबरच मजुरांचा इतिहासही तेथे प्रामाणिकपणे मांडलेला आहे. पोर्ट लुईतील ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची दोन अतिदुर्मिळ तिकिटे आहेत. मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी थोडा काळच दिवा लावतात, म्हणून वेळ आधी विचारून जावे. शामारेल येथील सप्तरंगी मातीच्या टेकड्या व धबधबा सुंदर खरे, पण गर्दी फार.

मनुष्य येण्यापूर्वी या बेटावर घनदाट अरण्य होते आणि डोडो हा उडता न येणारा, कबुतराच्या कुळातील मोठा पक्षी होता. डच आले, त्यांच्याबरोबर उंदीर, डुकरे, माकडे आली, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. सतराव्या शतकात सुरतेस जिवंत डोडो आणले गेल्याची नोंद पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने करून ठेवली आहे आणि मोगल दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढल्याचे मानले जाणारे डोडोचे चित्र उपलब्ध आहे. पोर्ट लुईच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आता त्याचा सांगाडा पाहावा लागतो.

पुढचा भाग इतका निराशाजनक नाही. १९७४ साली मॉरिशसच्या ससाण्याचे केवळ चार पक्षी रानात उरल्याचे ज्ञात होते. कार्ल जोन्स या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिले वाढवून, रानात सोडून ही संख्या शेकड्यांवर नेली. गुलाबी कबुतरालाही असेच वाचविण्यात आले. माहेबुरजवळील ‘इल ओ झेग्रेत’ या सव्वीस हेक्टरांच्या टापूवर हे कबूतर आणि महाकाय कासवे पाहता येतात. तेथील उंदीर व मांजरे काढून टाकून मूळ झाडे पुन्हा लावली आहेत. मुख्य बेटावर चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले असून त्याचा मोठा भाग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे. पदभ्रमणाच्या वाटा तेथे उत्तम आहेत.

याच माहेबुर परिसरात २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे अजस्र मालवाहू जहाज प्रवाळभित्तीवर चढले. ६ ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल त्यातून पाण्यात पसरले. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता हजारो नागरिक किनाऱ्यावर जमले. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले आणि तेल अडविले. शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांचे हात त्यात होते. पर्यटकांविना किनारे ओस पडलेल्या त्या महासाथीच्या वर्षी, समुद्र आपला आहे हे त्यांनी कोणत्याही कायद्याच्या कलमाविना दाखवून दिले.

काही व्यावहारिक सूचना

मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत मॉरिशसला पोहोचता येते. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकास आधी व्हिसा काढावा लागत नाही. पारपत्र, परतीचे तिकीट, निवासाची सोय व पुरेसा पैसा दाखवावा लागतो. घड्याळ दीड तास मागे करावे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने आपल्या मे महिन्याच्या सुटीत तेथे हिवाळ्याची सुरुवात, म्हणजे हवा अत्यंत सुखद असते. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस शक्यतो टाळावेत. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळात हजारो घरे उडून गेली. तेथील घरे आज सपाट छपराची, काँक्रीटची व दिसण्यास काहीशी रुक्ष का आहेत, याचे उत्तर त्या वादळात आहे. बस सर्वत्र जाते आणि राजधानीपासून क्यूरपीपपर्यंत मेट्रोही आहे. शाकाहारी पर्यटकाची अडचण होत नाही. रस्त्यावर मिळणारी ‘ढोल पुरी’ म्हणजे वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, जणू गूळ न घातलेली पुरणपोळी. चटणी व रश्शाबरोबर ती दिली जाते. मिरची घातलेले डाळीचे छोटे वडे आणि ‘आलुदा’ हे फालुद्यासारखे पेयही चाखून पाहावे.

ज्यांच्याजवळ तीन-चार दिवस अधिक असतील, त्यांनी विमानाने रॉद्रिग्ज बेट गाठावे. मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे सहाशे किलोमीटरवरील हे १०८ चौरस किलोमीटरचे बेट मॉरिशस प्रजासत्ताकाचाच भाग असून २००२ पासून त्यास स्वायत्तता आहे. मोठी हॉटेले तेथे थोडी. उतरणे बहुधा गावकऱ्यांच्या घरीच होते. ओहोटीला स्त्रिया लोखंडी सळई घेऊन उथळ पाण्यातून चालत जातात आणि खडकांच्या फटींतील आठपायी ऑक्टोपस टिपून आणतात. बेसुमार पकडीमुळे ऑक्टोपस लहान व विरळ मिळू लागले, तेव्हा २०१२ पासून वर्षातील दोन महिने पकड बंद ठेवण्यात येऊ लागली. त्या काळात मासेमारांना किनाऱ्याची स्वच्छता व तत्सम कामे देऊन शासन मजुरी देते. पहिल्या वर्षी लोक साशंक होते. बंदी उठल्यावर मिळालेल्या ऑक्टोपसचे वजन पाहून त्यांचा विरोध मावळला. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची कोकणातील कोळ्यांची रीत याहून वेगळी नाही. बंदी उठण्याच्या दिवशी सकाळी ओहोटी लागताच सारे गाव सळया घेऊन समुद्रात उतरते. ऑक्टोबरच्या मध्यावर येणारा तो दिवस साधून रॉद्रिग्जला जाण्याचा बेत आखता आला, तर अवश्य आखावा.